सर्पदंशावरच्या प्रबंधाला निधी मागताना

प्रिय बेटा,

तुझ्या एमडीच्या प्रबंधासाठी निधी मागणाऱ्या प्रस्तावाचा मसुदा दोनदा वाचला. सर्पदंश हा विषय घेतलास, फार बरं केलंस. अंदाजपत्रकाचं पान मात्र पुन्हा लिहावं लागेल. त्यात लॅपटॉप आहे, पोर्टेबल सोनोग्राफी मशीन आहे. रात्री दोन वाजता पेशंट आला तर फॉर्म कोण भरणार, त्या माणसासाठी एक रुपयाही नाही.

आपल्याकडच्या कॅज्युअल्टीचं रजिस्टर काढून बघ. 'अज्ञात दंश, रेफर' एवढंच लिहिलेलं असतं. दंश कधी झाला, आधी मांत्रिकाकडे नेलं की प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथे सर्पविषावरची लस किती दिली, हे फक्त सोबत आलेल्या माणसाला माहीत असतं, आणि तो केसपेपर आणि औषधांच्या मागे धावत असतो. तुझ्या हातात तेव्हा पेशंटला श्वास देणारी अँब्यू बॅग असेल, पेन नसेल. म्हणून पहिला खर्च रात्रपाळीच्या संशोधन सहायकाचा लिही. निधी देणाऱ्याला मशीनपेक्षा हे लवकर पटतं, कारण माहिती अपुरी राहिली की अभ्यास वाया जातो हे त्यालाही ठाऊक असतं.

दुसरा खर्च काचेच्या नळ्यांचा. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी तू रोज करतोसच. पण नळी काचेची, कोरडी आणि साबणाने न धुतलेली हवी. स्टोअरमधून प्लास्टिकची नळी आली की निकाल फसवा येतो. रक्कम किरकोळ आहे, तरी लिहायची, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस खरंच वॉर्डात उभा असतो.

तिसरा खर्च सगळे विसरतात. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते, तपासायला पेशंटला परत बोलावणार आहेस ना? धारणी किंवा भामरागडकडचा मजूर कामाचा दिवस मोडून कसा येईल? त्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात धर. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत याला मुभा आहे. पेशंट बेशुद्ध असेल तर संमती कोणाची आणि कधी घेणार, तेही त्याच तत्त्वांच्या आधारे स्पष्ट लिही. एथिक्स कमिटीत आपल्या विषयाचे प्रस्ताव बहुधा याच मुद्द्यावर अडतात.

पैसे कुठून, तर आयसीएमआरची पदव्युत्तर प्रबंधासाठी साहाय्य योजना आहे, तिथून सुरुवात कर. त्यांची मोठी अनुदानं कायम नोकरीतल्या अध्यापकाच्या नावावर मिळतात, तेव्हा त्यासाठी गाईडशी बोल. परदेशी निधी घ्यायचा तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, प्रबंधाच्या मुदतीत ते जमवणं कठीण. कीटकनाशक कंपनीचे पैसे मात्र विषबाधेच्या अभ्यासाला कुणी घेऊ नयेत. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. त्या माणसांवरचं संशोधन फवारणीचं औषध विकणाऱ्याच्या पैशावर उभं राहू नये, असं माझं ठाम मत आहे. तुझ्या बॅचमध्ये कुणी तो विषय घेतला असेल तर त्यालाही सांग.

एमडीच्या तीन वर्षांत पावसाळे तीनच, आणि साप चावतात ते मुख्यतः तेव्हाच. पहिला पावसाळा सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात जातो, शेवटचा लिखाणात. हाती राहतो एक. त्यामुळे एथिक्स कमिटीची मंजुरी मे महिन्याच्या आत हवीच. निधीचा पहिला हप्ता उशिरा येईल असं धरूनच चाल. नळ्या आणि फॉर्म कॉलेजच्या खर्चातून आधी मिळतात का, ते गाईडला घेऊन अधिष्ठात्यांना विचार. प्रत्येक पावती पहिल्या दिवसापासून एकाच फाईलमध्ये लाव, कारण पैसे कुठे खर्च झाले ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नाही.

कोकणात महाडच्या बाजूला काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाची जी लक्षणं टिपली, ती १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तुझ्या रजिस्टरमध्येही तसा ऐवज आहे, असं मला मनापासून वाटतं.

नवं अंदाजपत्रक या आठवड्यात पाठव. बाकीचा प्रस्ताव नंतर पाठवलास तरी चालेल, मी आधी तेच पान वाचते.

तुझी,
मॅडम