'मॉडिफाइंग रिएजंट'ला 'सुधारक' चालेल का?

माटुंग्याच्या एका अनुवादक बाईंनी विचारलंय: जीवरसायनाच्या मजकुरात 'प्रोटीन मॉडिफाइंग रिएजंट'ला मी 'प्रथिन सुधारक' लिहिलं ('प्रथिन सुधारक अंधारात ठेवावेत' असं वाक्य होतं), तपासणाऱ्यांनी त्यावर काट मारली. चुकलं कुठे?

काट योग्यच आहे. सुधारणं म्हणजे आधीपेक्षा बरं करणं. आगरकरांना आपण सुधारक म्हणतो ते याच अर्थाने. आयोडोअ‍ॅसिटामाइड हे प्रथिनात बदल घडवणारं एक रसायन, पण ते प्रथिनाचं असं काही भलं करत नाही. ते सिस्टीन या प्रथिनातल्या अमिनो आम्लाच्या गंधकाला जाऊन चिकटतं, दर सिस्टीनमागे वजन 57 डाल्टनने (रेणूचं वजन मोजायचं एकक) वाढवतं आणि त्या सिस्टीनला पुन्हा कुणाशी जोडी जमवू देत नाही. त्याच सिस्टीनवर एखाद्या एन्झाइमचं काम चालत असेल, तर ते बंदच पडतं.

मग 'विकारक'? व्याकरणाच्या अंगाने मला हा शब्द फार आवडतो. 'घोडा'ला 'ला' लागला की 'घोड्याला' होतं, म्हणून नाम विकारी. 'आणि' कुठेही गेला तरी 'आणि'च, म्हणून अविकारी. रसायनातही तसंच: डीएनएवर सोडियम बायसल्फाइट घातलं की साध्या सायटोसिनचा (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) युरॅसिल हे वेगळं अक्षर होतो, पण मिथाइल हा छोटा कार्बनी गट लागलेला सायटोसिन बहुतेक जागच्या जागी राहतो, अगदी अव्ययासारखा. कुठे मिथाइल आहे ते त्यावरूनच वाचतात. पण सामान्य वाचकाला 'विकार' म्हटलं की हृदयविकार आठवतो. शिवाय शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात. एकाच पानावर विकर आणि विकारक आले तर मुद्रितशोधकाचे हाल!

'फेरफार'ही नको. सातबाऱ्यावरची फेरफार नोंद सरळ असते, पण एरवी त्या शब्दाला लबाडीचा वास येतो.

राहिला रिएजंट. 'अभिकारक' लिहू नका, तो पाठ्यपुस्तकात रिअ‍ॅक्टंटसाठी आहे, म्हणजे अभिक्रियेत भाग घेणारा कुठलाही पदार्थ. रिएजंट म्हणजे काहीतरी ओळखायला किंवा घडवून आणायला आपण मुद्दाम घातलेला. हिंदीतला 'अभिकर्मक' अर्थाने बरोबर आहे, पण 'अभिकारक'च्या शेजारी ठेवला की डोळा फसतो. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानात तर 'एआर की एलआर?' (अ‍ॅनालिटिकल रिएजंट की लॅबोरेटरी रिएजंट, म्हणजे शुद्धतेची प्रत) एवढंच विचारतात. त्यातला 'आर' रिएजंटचाच. मी 'रिएजंट'च ठेवीन.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा: 'प्रथिनांत रासायनिक बदल घडवणारे रिएजंट अंधारात ठेवावेत.' आणि 'रिएजंट'च्या आधी 'काही' घाला. अंधार आयोडोअ‍ॅसिटामाइडला लागतो, सगळ्यांना नाही.