हेल्पर म्हणून जाऊ नकोस

परभणी

चिरंजीव लेकरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. इलेक्ट्रिशियनचं आयटीआय झालं, वाळूजची अप्रेंटिसशिप संपली, आता दुबईला जायचं म्हणतोस. जा की. कंत्राटदाराच्या हाताखाली महिनोन् महिने राबून पगाराची वाट बघणाऱ्या पोराला ‘इथंच थांब’ म्हणायचा मला काय अधिकार? पण तुझा एजंट जे सांगतोय ते मला पटलेलं नाही. "आत्ता हेल्परच्या व्हिसावर जा, सहा महिन्यांत तिथं इलेक्ट्रिशियन करून देऊ." असं सांगून नेलेली मोप पोरं मी साइटवर पाहिलीत. त्यातली बहुतेक करार संपेपर्यंत हेल्परच राहिली.

आखातात तुझा हुद्दा हीच तुझी ओळख. व्हिसावर, कामाच्या परवान्यावर, रहिवासी कार्डावर जे छापलंय तेच तू. तिथं ‘हेल्पर’ लिहिलं असलं की दिवसभर तू डीबी, म्हणजे वीज वाटपाची पेटी, भरलीस काय नि केबल ओढलीस काय, पगार हेल्परचा. हुद्दा बदलायचा तर कंपनीनं मनावर घ्यायला लागतं, आणि स्वस्तात इलेक्ट्रिशियन मिळालेला असताना ती कशाला घेईल? उद्या पॅनेलमध्ये काही झालं तर चौकशीत पहिला प्रश्न येईल की हेल्पर पॅनेलमध्ये हात घालून काय करत होता. त्याचं उत्तर फोरमन देणार नाही, तुला द्यावं लागेल.

दुसरी गोष्ट पगाराची. पोरं ऑफर लेटरवरचा एकूण आकडा बघतात आणि पेढे वाटतात. तू बेसिक बघ, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार. समज, एका कंपनीनं १,५०० दिरहम लिहिले आणि त्यात बेसिक ७००. दुसरीनं १,४५० लिहिले, पण बेसिक १,१००. मी डोळे झाकून दुसरी घेईन. अमिरातीच्या कायद्यात साध्या ओव्हरटाइमचा दर बेसिकच्या सव्वापट आहे, आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच निघते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक. ७०० वर ते वर्षाला ४९० दिरहम होतं, १,१०० वर ७७०. रोज दोन तास ओव्हरटाइम धरलास तर महिन्याच्या हिशेबातही दुसरीच कंपनी पुढं जाते. वही घे आणि स्वतः मांडून बघ. हा हिशेब एजंट कधीच मांडून दाखवत नाही.

आता एजंटाबद्दल. तालुक्याच्या बसस्टँडजवळ ज्याचं ऑफिस आहे तो बहुधा सब-एजंट. त्याच्या भिंतीवर विमानाचं पोस्टर असेल, परवाना नसेल. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला सरकारकडं नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. परवाना क्रमांक माग, तिथं टाकून बघ, आणि तो चालू आहे की रद्द झालाय तेही बघ. कामगाराकडून घ्यायची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढीच कायद्यानं ठरलीय. पावतीसकट. तुझ्याकडं दीड लाख मागतोय, म्हणजे बाकीचे कुणाच्या खिशात जातात ते तूच ओळख.

आणि हे दीड लाख आणणार कुठून? सावकाराकडून शेकडा तीननं उचललेस तर महिन्याला ४,५०० नुसतं व्याज. बीड-धारूरकडची ऊसतोडीची उचल तुला मी काय सांगू, तुझ्या मामाच्या गावात घरोघरी आहे. मुकादमाचे पैसे घेतले की कोयता त्याचा. हंगाम संपतो, उचल फिटत नाही. एजंटासाठी काढलेलं कर्ज ही तसलीच उचल आहे, फक्त कारखाना समुद्रापलीकडं. कर्ज डोक्यावर असलेला माणूस वाईट कंपनी सोडत नाही, बुडालेला पगार मागत नाही, हेल्परचा इलेक्ट्रिशियन करा असंही म्हणत नाही. म्हणून सांगतो, एकरभर विकून किंवा गहाण टाकून जायचं असेल तर या वर्षी जाऊ नकोस.

व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथं काम शोधू, असंही तुझ्या मित्रानं सुचवलंय म्हणे. शोधायला हरकत नाही, पण त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पकडलं तर दंड भरून परत, आणि पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडानं करशील?

एक बारीक गोष्ट, जिच्यात शिकलेलीच पोरं फसतात. तू दहावी पास आहेस, म्हणून तुझा पासपोर्ट ईसीएनआर. आखातात जाताना तुला उत्प्रवास मंजुरी लागत नाही. पोरांना वाटतं, बरं झालं, एक कटकट वाचली. पण ज्यांना मंजुरी लागते त्यांचा करार सरकारच्या नजरेखालून जातो, त्यांना १० लाखांचा प्रवासी भारतीय बीमा सक्तीचा असतो. तुला ती चाळणी नाही. तुझा करार तूच वाचायचा आहे: हुद्दा, बेसिक, कामाचे तास, राहणं-जेवण कुणाकडं, परतीचं तिकीट कुणाचं. सही करण्याआधी प्रत हातात घे. "तिथं गेल्यावर देतो" म्हटलं की उठून यायचं.

कागद म्हणशील तर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र, दोन्ही मूळ प्रती तुझ्याजवळ हव्यात. आपल्या राज्याचा तारतंत्रीचा परवाना अजून काढला नसशील तर अर्ज कर. तो दुबईत चालणार नाही हे मला माहीत आहे. पण मुलाखतीला आलेल्या इंजिनिअरला कळतं की हा पोरगा नुसता शिकलेला नाही, परवानाधारक आहे. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर आणि पासपोर्टवर एकच आहे ना, ते आजच बघ. आपल्याकडं वडलांच्या नावात एक अक्षर इकडं-तिकडं हमखास असतं.

आता माझ्या आवडीचा विषय. मुंबईत ट्रेड टेस्ट होईल. सौदीला जायचं ठरवलंस तर त्यांची वेगळी कौशल्य परीक्षा आहे आणि इलेक्ट्रिशियनचा ट्रेड त्यात येतो. टेस्टमध्ये स्टार-डेल्टाचं, म्हणजे मोटार सुरू करायच्या पॅनेलचं, कंट्रोल वायरिंग करायला लावतील, आर्मर्ड केबलला ग्लँड बसवायला सांगतील, जीआय कंड्युट, म्हणजे तारांची लोखंडी नळी, वाकवून घेतील, एखादं सिंगल लाइन ड्रॉइंग पुढं ठेवतील. हात तुझा चांगला आहे, ते मी पाहिलंय. तू अडखळशील तो टेस्टिंगमध्ये. आपल्याकडं वायरिंग झालं, बल्ब लागला, की काम झालं. तिथं बल्ब लावायच्या आधी मेगर लागतो: आपल्या नेहमीच्या व्होल्टेजच्या सर्किटला ५०० व्होल्ट डीसीनं इन्सुलेशन तपासायचं, रीडिंग किमान १ मेगाओम पाहिजे, आणि ते कागदावर लिहून सही करायची. अर्थची कंटिन्युइटी, पोलॅरिटी, आरसीडी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला पडतो की नाही, सगळं लिहून. जो लिहून देऊ शकतो तो इलेक्ट्रिशियन. बाकीचे केबल ओढतात.

रंगांचं डोक्यात पक्कं बसव. आपल्याकडं लाल, पिवळा, निळा हे फेज, म्हणजे करंटच्या तारा, आणि काळा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार. ब्रिटनचे जुने रंगही हेच होते, पण २००४ पासून त्यांनी युरोपचे रंग घेतले: तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे आपला न्यूट्रल तो त्यांचा फेज, आणि आपला फेज तो त्यांचा न्यूट्रल. जुन्या रंगाच्या वायरिंगवर युरोपातून आलेलं मशीन जोडायची वेळ आली की काय होऊ शकतं ते तुला सांगायला नको. रंगावर विश्वास नाही, मीटरवर. सौदीत तर सप्लायच ६० हर्ट्झचा. आपली चार पोलची मोटार मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या हिशेबानं फिरते, तिथं १,८००.

आणि आपली एक सवय गावातच सोडून जा. आपण सगळे झिरो वायरमनच्या, म्हणजे लाइनमनच्या जागी खांबावर चढणाऱ्या बिगरसरकारी पोराच्या, तालमीत वाढलो. लाइनमन खाली उभा, खांबावर कुणी तरी भलताच, डीपीचा फ्यूज टाकायला जो हाताशी असेल तो. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही. तिथं ब्रेकर पाडून त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात, वर नावाची पाटी. मग मीटर आधी चालू लाइनवर लावून तो चालतोय का बघायचं, मग बंद केलेल्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. दोन मिनिटांच्या कामाला हे सगळं करताना हसू येईल. हसून का होईना, कर. चालू लाइनवर हात घालणाऱ्याला आपल्याकडं वाघ म्हणतात, तिथं त्याच दिवशी साइटवरून काढतात.

उन्हाचं म्हणशील तर मे महिन्यातली परभणी काढलेल्या माणसाला आकड्यांनी भीती वाटत नाही. फरक दमटपणाचा आहे, घाम वाळतच नाही. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे. तेवढ्या वेळात झोप, मोबाइल नको.

जर्मनीचं तू विचारलं नाहीस, पण मी तुझ्या वयाचा असतो तर तिकडं बघितलं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात इलेक्ट्रिशियनही आहेत. पण सरकारी करारावर डोळे लावून बसू नकोस. तिकडं तुझं प्रमाणपत्र त्यांच्या शिक्षणाशी ताडून पाहतात, बऱ्याचदा अर्धीच मान्यता मिळते, उरलेलं तिथं काम करत भरून काढायचं. त्याआधी जर्मन भाषेच्या पायऱ्या: ए-१, ए-२, बी-१. वर्ष-दीड वर्ष जाईल, आणि तेवढा काळ घरचं भागायला हवं. तुझ्या बहिणीचं लग्न तोंडावर आहे हे मी विसरलेलो नाही. म्हणून दुबई आधी, जर्मन भाषा तिथल्या शुक्रवारी किंवा रविवारी, जी सुटी मिळेल त्या दिवशी, असं केलंस तरी माझी हरकत नाही. ऑस्ट्रेलिया त्याहून लांबचा रस्ता आहे. तिथं कौशल्याची तपासणी वेगळी आणि लायसन राज्याराज्याचं वेगळं. ते पुढं बघू.

तर एजंटाला आज दोनच गोष्टी माग: परवाना क्रमांक, आणि ‘इलेक्ट्रिशियन’ लिहिलेल्या कराराचा मसुदा. पासपोर्ट त्याच्याकडं ठेवला असशील तर उद्या सकाळी जाऊन घेऊन ये. मुंबईला जाण्याआधीचे रविवार माझ्याकडं काढ. शेडमध्ये स्टार-डेल्टाचं जुनं पॅनेल आहे, मेगर आहे, केबलचे तुकडे आहेत. काकू जेवायला घालते, डबा आणू नकोस. फक्त कंड्युट वाकवायचा बेंडर तुमच्या आयटीआयच्या सरांकडून मागून आण. माझा एका पाव्हण्यानं नेलाय, तो काही आता परत येत नाही.

तुझा,
काका