वैधता नाही, पावती आहे: एमबीबीएसची राखीव जागा घ्यावी का?

नीटचा निकाल लागला की याच आशयाची पत्रं येतात. यंदाचं एक जळगाव जिल्ह्यातलं. मुलगी टोकरे कोळी, अनुसूचित जमातीचा दाखला हातात, पण तो दाखला खरा असल्याची खात्री, म्हणजे वैधता, मिळवण्याचा अर्ज जमात पडताळणी समितीकडे प्रलंबित. सख्ख्या चुलत्यांकडे मात्र वैधता आहे. वडील विचारतात, अर्जाची पावती जोडून आणि हमीपत्र देऊन राखीव जागा घ्यावी का? एकदा मुलगी डॉक्टर झाली की डिग्री कोणी काढून घेत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय.

सांगणारा २००० सालात अडकलाय. त्या वर्षी मिलिंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलबा-कोष्टींचा हलबा या अनुसूचित जमातीचा दावा फेटाळला, पण त्या दाव्यावर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याची एमबीबीएसची पदवी राहू दिली. त्यानंतर महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्र कायदा लागू झाला. त्याचं कलम १० वाचा. दाखला खोटा ठरून रद्द झाला की प्रवेश जातो, मिळालेली पदवीही रद्द होते आणि शिष्यवृत्तीसारखे आर्थिक लाभ जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात. तरीही लोक मिलिंदचा आधार घेत राहिले. २०१७ मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. ‘हेतू वाईट नव्हता’, ‘आता शिक्षण पूर्ण झालं’ यातलं काहीही कलम १० पुढे टिकत नाही. हमीपत्रावर सही करताना तुम्ही हेच मान्य करत असता. ती औपचारिकता नव्हे.

त्यामुळे जागा घ्यायची की नाही, हे पावतीवर ठरत नाही, तुमच्या फायलीत काय आहे त्यावर ठरतं. आणि तिथेच मला धास्ती वाटते. तुम्ही पाठवलेला आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा फोटो मी मोठा करून पाहिला. नोंद १९४३ ची, म्हणजे १९५० मध्ये अनुसूचित जमातींची यादी निघण्याच्या आधीची, म्हणून मोलाची. पण नुसता ‘कोळी’ अनुसूचित जमातीत येत नाही, आणि ‘कोळी’च्या आधीचा ‘टोकरे’ समासात सरकलेला आहे आणि शाई जास्त काळी दिसते. फोटोवरून निष्कर्ष काढणार नाही. समितीसाठी चौकशी करणारं दक्षता पथक मात्र मूळ रजिस्टर बघूनच काढतं. आधी तुम्ही शाळेत जा, मुख्याध्यापकांसमोर मूळ पान बघा, त्याच्या वरच्या-खालच्या नोंदीही बघा. शब्द मागाहून घातलेला निघाला तर त्या नोंदीच्या उताऱ्यावर दावा अजिबात उभा करू नका. मग चुलत्यांची वैधता याच नोंदीवर मिळाली होती का, हे तपासावं लागेल.

कारण तुमचा खरा आधार चुलत्यांची वैधताच आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात रीतसर चौकशीनंतर वैधता मिळालेली असेल तर समितीने सहसा वेगळा निर्णय देऊ नये, हे उच्च न्यायालयाने अपूर्वा निचळे प्रकरणात २०१० मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही चौकशी करून दिलेल्या अशा वैधतेला वजन दिलं; शिवाय आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीती-बोलीवरून जमातीशी नातं तपासणं, ही अंतिम कसोटी नाही, हेही स्पष्ट केलं. पण फसवणुकीने मिळवलेल्या वैधतेला हे संरक्षण नाही. जमात सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम ८ नुसार तुमचीच.

आता थोडं रागावतो. प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी अर्ज करा, हे सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्येच सांगितलंय. चुलत्यांची वैधता घरात असताना मुलगी अकरावी-बारावी झाली आणि तुम्ही अर्ज केला निकालानंतर! समितीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. वर्षानुवर्षं फायली निजवून ठेवते आणि प्रवेशाच्या आठवड्यात त्रुटी काढते. तरी पडताळणीलाच छळ म्हणू नका. राज्य कोट्यातल्या अनुसूचित जमातींच्या त्या ७ टक्क्यांत नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरची मुलगीही रांगेत आहे.

रजिस्टर स्वच्छ निघालं तर थांबू नका. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करा, समितीने प्रवेश फेरीच्या तारखेआधी निर्णय द्यावा अशी मागणी करा. न्यायालय कधी मुदत बांधून देतं, कधी निकालाच्या अधीन तात्पुरता प्रवेश देतं. कधी काहीच देत नाही. नातलगांच्या वैधता फेरतपासणीत असतील तर सशर्त वैधताही मिळते, पण ती त्यांच्याबरोबर बुडते. पावतीवर यंदा किती मुदत मिळते, ते राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या चालू माहितीपुस्तिकेतच बघा, गेल्या वर्षीच्या नको. मुलीच्या गुणांवर खुल्या गटातून बीडीएस किंवा बीएएमएस बसत असेल तर ते पर्यायही भरून ठेवा.

आणि वकिलाकडे जाताना चुलत्यांचं नुसतं वैधता प्रमाणपत्र नेऊ नका. समितीचा मूळ आदेश, त्यांच्या फायलीतला दक्षता अहवाल आणि त्यांनी तेव्हा शपथेवर दिलेली वंशावळ यांच्या प्रमाणित प्रती काढा. त्या वंशावळीत तुमचं नाव नसेल, तर हे मला आधी कळवा.