महागडा क्वार्ट्झ आणि निम्म्या किमतीचा क्वार्ट्झ: ओट्यासाठी खरंच फरक पडतो का?

आमचे साडू या प्रश्नाचं उत्तर एका दमात देतात: "काही फरक नसतो, नावाचे पैसे असतात." सहा वर्षं दर भेटीला मी हे ऐकतोय आणि गप्प बसतोय, कारण तडा माझ्या ओट्याला गेला, त्यांच्या नाही. तुम्ही विचारलंय की नामांकित कंपनीचा क्वार्ट्झ आणि त्याच्या निम्म्या किमतीतला बिननावाचा क्वार्ट्झ यांत खरंच फरक असतो का, पांढरा घ्यावा का आणि जाडी किती ठेवावी. प्रश्न तुमचा आहे, पण त्या निमित्ताने माझंही थोडं बाहेर पडणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी साडूंचं दुसरं लाडकं वाक्य निकालात काढू. "तुझा दगड आणि माझा दगड, दोन्ही एकाच डोंगरातले." डोंगराचा इथे काय संबंध? क्वार्ट्झचा स्लॅब खाणीतून निघत नाही, कारखान्यात बनतो. वजनाने साधारण 90 ते 93 टक्के गारगोटीचा चुरा आणि पीठ, उरलेलं पॉलिएस्टर रेझिन (दाणे धरून ठेवणारं प्लॅस्टिक) आणि रंग. हे मिश्रण साच्यात पसरतात, हवा काढून घेऊन कंपन देत दाबतात आणि मग भट्टीत घालून रेझिन पक्कं करतात. पद्धत इटलीतल्या ब्रेटॉन कंपनीची. मोठमोठ्या ब्रँडचे कारखाने याच यंत्रांवर किंवा या धाटणीच्या यंत्रांवर चालतात, आणि बिननावाचा मालही तसाच बनतो. इथवर साडूंचं खरं आहे. पण यंत्र तेच म्हणून आत पडणारं पीठही तेच, असं थोडंच आहे?

आता मूळ दुखणं. आम्ही दोघांनी एकाच वर्षी स्वयंपाकघर नवं करायला घेतलं. मी दोन महिने वाचन केलं, नमुन्याचे तुकडे घरी आणले, दिवसा आणि दिव्याखाली असे दोन्ही वेळा पाहिले आणि चांगला महागडा स्लॅब घेतला. साडू एका दुपारी गोदामात गेले आणि तासाभरात बिननावाचा ठरवून आले. बायकोने मला तेव्हाच विचारलं होतं, "सगळे दगडालाच घातलेत, बसवणाऱ्याला काय देणार?" मी म्हटलं, कापायचाच तर आहे, कोणीही कापेल.

तीन फॅब्रिकेटरांकडून, म्हणजे दगड कापून बसवणाऱ्यांकडून, भाव घेतले, सर्वांत कमीवाला पकडला आणि वर त्याच्याशीही घासाघीस केली. तो एकटाच आला. हॉबचं, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीचं, भोक त्याने जागेवरच ग्राइंडरने पाडलं, आणि मी त्याच्या डोक्यावर उभा राहून दर अर्ध्या तासाने विचारत होतो, "आज हॉब बसेल ना?"

आठ महिन्यांनी ओटा पुसताना हॉबच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याशी एक केस दिसला. फडक्याने ओढला, निघेना. नखाने खरवडायला गेलो तर नख अडकलं. कोपऱ्यातून निघून पुढच्या काठापर्यंत गेलेला तडा होता तो. बायकोला सांगायला मी दोन दिवस लावले.

कंपनीचा माणूस आला. त्याने हॉबखालून हात घालून कोपरा चाचपला, टॉर्च मारला, फोटो काढले आणि कागदावर "फॅब्रिकेशन" एवढा एकच शब्द लिहून गेला. फॅब्रिकेटर म्हणाला, स्लॅबच ठिसूळ होता, त्याला मी काय करणार. पंधरा दिवस दोघांनी माझा फुटबॉल केला. शेवटी वैतागून मी स्वतः हॉब उचलला.

ग्राइंडरची चकती गोल असते. तिने काटकोन पाडायचा तर खालचा कोपरा सुटेपर्यंत वरच्या अंगाला काप कोपरा ओलांडून पुढे जातो. माझ्या कोपऱ्यात दोन काप अधिकच्या चिन्हासारखे एकमेकांना छेदून चांगले बोटभर पुढे गेले होते, आणि हॉबच्या पत्र्याखाली झाकले होते म्हणून आठ महिने कुणाला दिसले नव्हते. तडा त्यातल्याच एका कापाच्या टोकातून सुरू झाला होता. हॉबच्या पुढे दगडाची जी अरुंद पट्टी उरते ती मुळातच नाजूक. त्यात रोजचं तापणं आणि थंड होणं. सगळा ताण त्या टोकावर जमतो. काम जाणणारा माणूस आधी चारही कोपऱ्यांत ड्रिलने गोल भोकं पाडतो, मग एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत कापतो आणि कडा घासून घेतो. कोपरा गोलसर राहतो, ताण पसरतो. त्यासाठी गोल भोक पाडणारा एक कोअर बिट लागतो आणि मागे उभं राहून घाई न करणारं गिऱ्हाईक लागतं. माझ्या घरी दोन्ही नव्हतं.

साडू मुद्दाम बघायला आले. वाकून पाहिलं आणि म्हणाले, "महागाचा ना?" बस, एवढंच. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तडा समोर असताना चकतीचा गोलपणा कोण ऐकून घेणार? साडूंनी, बरं का, कापणारा चांगला निवडला होता. मुद्दाम निवडला असं नाही, गोदामवाल्याने दिला तो नशिबाने चांगला निघाला. कोपरे गोल, जोड असा की शोधावा लागतो. माझ्या कोपऱ्यासारखा कोपरा त्यांच्या स्लॅबला पाडला असता तर तोही असाच गेला असता.

पुढे दीडेक वर्षाने त्यांच्याकडे गेलो होतो. पाणी घ्यायला ओट्यापाशी गेलो आणि वाटेत आलेला ट्रे बाजूला सरकवला. खाली बाटलीच्या बुडाएवढं नेमकं वर्तुळ. रंग तोच, फक्त चमक गेलेली. समोरून काही नाही, उजेडाकडे तिरपं पाहिलं की स्पष्ट. बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. मेहुणी मागून हळूच म्हणाली, "व्हिनेगरची बाटली गळत होती एक रात्रभर." मी ट्रे होता तिथे ठेवला आणि साडूंपुढे ब्रही काढला नाही.

गारगोटी व्हिनेगरला दाद देत नाही. जो दगड देतो त्यात गारगोटीच्या पिठाच्या जागी संगमरवराची नाहीतर चुनखडीची पूड भरलेली असते, आणि आम्ल तीच खातं. ती पूड मऊही असते: काठिण्याच्या मापावर गारगोटी 7 आणि संगमरवर-चुनखडीतलं खनिज कॅल्साइट 3, म्हणजे स्टीलची सुरी गारगोटीपुढे हरते आणि कॅल्साइटला सहज ओरखडते. स्वस्तातला सगळाच माल असा असतो असं माझं म्हणणं नाही. चांगला बिननावाचा मालही असतो, कित्येकदा एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या नावांनी निघतो. पण कोणता कुठला हे गोदामात उभं राहून नुसतं बघून कळत नाही, आणि "सगळे सारखेच" म्हणणाऱ्यांना ते कधीच कळत नाही.

तेव्हा तुम्ही नमुन्याचा तुकडा मागा, त्यावर व्हिनेगर ओतून वर वाटी पालथी घाला, रात्रभर राहू द्या आणि सकाळी धुऊन तिरप्या उजेडात बघा. मग मार्कर पेनाची एक रेघ ओढा, तासाभराने स्पिरिटने पुसा. सावली राहिली तर पृष्ठभागावर बारीक छिद्रं आहेत, म्हणजे दाबताना हवा नीट निघालेली नाही. शिरांची नक्षी आवडली असेल तर तुकड्याची कड बघा. शीर खालपर्यंत उतरलेली दिसली पाहिजे. ती नुसती वरच्या कातडीवर असेल तर ओट्याच्या पुढच्या काठावर आणि सिंकच्या कडेला नक्षी अचानक संपते आणि ते रोज डोळ्यांत खुपतं. स्लॅबवर लांब सरळ पट्टी आडवी ठेवून खालून उजेड येतो का तेही बघा. वाकडा स्लॅब बसवताना दाबून सरळ करतात आणि मग तो कधी ना कधी सूड घेतो. दुकानदार या सगळ्याला कंटाळला तर दुकान बदला.

पांढऱ्याचं विचारलंत. पांढरा घ्यायचाच असेल तर तिथे कंजुषी करू नका, हे माझं स्पष्ट मत. शुभ्र रंगाला लोहाचा अंश अगदी कमी असलेली गारगोटी लागते आणि रेझिनही मुळात पिवळट नसलेलं लागतं. दोन्ही महाग. म्हणून स्वस्त पांढरा दुकानात पांढरा दिसतो आणि घरी पांढऱ्या टाइल्सशेजारी मळकट. करड्या, ठिपक्यांच्या रंगात मात्र निम्म्या किमतीचा माल बिनधास्त घ्या, व्हिनेगरात पास झाला तर. शिरांच्या नक्षीचे जे जादा पैसे घेतात ते दिसण्याचे असतात, दणकटपणाचे नाही.

साडूंच्या बाल्कनीत त्यांच्या सिंकच्या भोकातून निघालेला तुकडा कुंडीखाली ठेवलाय. मागच्या वेळी कुंडी उचलून पाहिली: कुंडीखाली पांढरं वर्तुळ, भोवती सगळं पिवळसर. एकाच घरात दोन वर्तुळं. मला फार बरं वाटलं होतं, पण आता खरं बोलायचं तर हा मुद्दा साडूंविरुद्ध वापरणं अन्यायाचं आहे. उन्हाने रेझिन पिवळं पडणं हे बहुतेक सगळ्याच क्वार्ट्झला लागू आहे, नामांकित कंपन्याही सहसा तो घराबाहेर लावायला मनाई करतात. तुमचा ओटा थेट उन्हाच्या खिडकीखाली असेल तर ग्रॅनाइट बघा आणि हा सगळा वाद सोडून द्या.

तापलेल्या भांड्याचंही तेच, महाग-स्वस्त दोन्हींना सारखं. दगडाला काही होत नाही, मधलं रेझिन साधारण दीडशे अंशांच्या पुढे जळतं आणि तो डाग पॉलिशने जात नाही. वजनात 7 ते 10 टक्के दिसणारं रेझिन हलकं असतं, म्हणून आकारमानाने 15 ते 20 टक्के भरतं; इतकं प्लॅस्टिक आहे तुमच्या दगडात. भांड्याखाली काहीतरी ठेवायचं, संपलं. आणि ती "लाइफटाइम वॉरंटी" दाखवून कोणी पैसे वाढवून मागत असेल तर वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. उष्णता, जोड, कटआउट (हॉब-सिंकसाठी पाडलेली भोकं), बसवणं, सगळं त्या पानावर असतं. मी ते तडा गेल्यावर वाचलं.

एक गोष्ट राहिली आणि ती किमतीपेक्षा मोठी आहे. हा दगड कोरडा कापला की सिलिकाची, म्हणजे गारगोटीचीच, अतिबारीक धूळ उडते, ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त, आणि ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने तर 1 जुलै 2024 पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. तेव्हा कापणं पाण्याखाली, कार्यशाळेत, आणि घरात फक्त बसवणं. माझ्या स्वयंपाकघरात त्या माणसाने तोंडाला रुमाल बांधून अर्धा दिवस कोरडं कापलं आणि मी त्याला घाई करत होतो. काही मोठ्या कंपन्यांनी आता कमी सिलिकाचे स्लॅब काढलेत. जास्त पैसे मोजायला मला पटणारं हे एक कारण आहे.

जाडी 20 मिमी घ्या. 12 ला खालून पूर्ण आधार लागतो, आणि 30 बहुतेक मिरवायला. चौरस मीटरला 50 किलोच्या जागी 75 किलो खालच्या कपाटांनी उगाच का पेलायचे? जाड काठ हवाच असेल तर दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत जोडून करतात, पण त्यासाठीही कापणारा कसबी पाहिजे. स्लॅबवर वाचवा किंवा नका वाचवू, त्याच्यावर वाचवू नका. बायको हेच म्हणाली होती.

माझा तडा रंग मिसळलेल्या इपॉक्सीने भरून घेतला, कोपरा गोल करून घेतला, त्यानंतर तो तसूभरही पुढे सरकलेला नाही. साडू आले की बोलता बोलता त्यांचं नख बरोबर तिथे जातं. हे उत्तर त्यांच्या वाचनात आलंच तर: ट्रेखालचं मी पाहिलंय.