‘उमेदवारीचे उमेदवार’, यादवी आणि भाऊबंदकी

प्रश्न असा आहे : 2008 साली अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षात बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची जी लढत झाली, तिच्यावरच्या एका जुन्या लेखात ‘उमेदवारीचे उमेदवार’ आणि ‘पक्षातली यादवी’ असे प्रयोग वाचले. पहिल्यात द्विरुक्ती नाही का, तिथे ‘इच्छुक’ हवं का? आणि ‘यादवी’ म्हणण्याइतकं ते होतं का?

यादवीचं आधी उरकतो, कारण हा शब्द हल्ली कुठेही फेकला जातो. तालुक्याच्या दूधसंघात दोन गट झाले की यादवी, क्रिकेट मंडळात खुर्चीवरून वाजलं की यादवी. महाभारतातलं मौसलपर्व आठवा. प्रभासक्षेत्री यादव दारूच्या नशेत एरका गवत उपटतात, त्याची मुसळं होतात, बाप लेकाला मारतो आणि अख्खं कुळ संपतं. कूळ बुडाल्याशिवाय यादवी नाही. 2008 च्या नोव्हेंबरात ओबामांना 365 इलेक्टोरल मतं पडली, रिपब्लिकन मॅकेन यांना 173, आणि हरलेल्या क्लिंटनबाई पुढे ओबामांच्याच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाल्या. ही कसली यादवी?

म्हणायचंच असेल तर भाऊबंदकी म्हणा. वाटणीवरून भांडण हा तिचा गाभा, आणि तिथे अगदी तेच चाललं होतं. फ्लोरिडा आणि मिशिगनने नियम मोडून पक्षांतर्गत मतदान लवकर उरकलं म्हणून पक्षाने अधिवेशनात उमेदवार निवडणारे त्यांचे प्रतिनिधीच बाद केले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचं नावही नव्हतं. शेवटी 31 मे रोजी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात पक्षाची नियमसमिती बसली आणि मिशिगनचे 69 क्लिंटनना, 59 ओबामांना, प्रत्येकाचं मत अर्धं, असा तोडगा निघाला. अर्धं मत! विहिरीतलं अर्धं पाणी आणि आंब्याची अर्धी फांदी वाटून घेणाऱ्या चुलतभावांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मतदारही भाऊबंदांसारखेच फुगले होते. मार्च 2008 मधल्या गॅलपच्या पाहणीत क्लिंटनच्या पाठीराख्यांपैकी 28 टक्के म्हणाले, ओबामा उभे राहिले तर आम्ही मॅकेनला मत देऊ. ओबामांकडचे 19 टक्के हेच उलट बाजूने म्हणत होते. नोव्हेंबरात त्यातले बहुतेक मुकाट घरी परतले. भाऊबंदकीत ते होतं, यादवीत परतायला कुणी उरत नाही.

आता ‘इच्छुक’. या शब्दाने माझं डोकं उठतं. इंग्रजी बातमीत ‘प्रेसिडेन्शियल होपफुल’ दिसलं की आपल्याकडचा अनुवादक डोळे मिटून ‘अध्यक्षपदासाठी इच्छुक’ लिहितो. इच्छा काय, कुणालाही होते. महापालिकेच्या निवडणुकीआधी फ्लेक्सवर वाढदिवस साजरे करणारे, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले असतात ते इच्छुक. त्यांची भाऊगर्दी होते, त्यांच्या मुलाखती होतात, आणि तिकीट कापलं गेलं की ते बंडखोर होतात. दीड वर्ष राज्याराज्यांतून फिरून, कोट्यवधी डॉलर जमवून, प्रत्येकी पावणेदोन कोटींच्या आसपास मतं मिळवणाऱ्या दोन माणसांना या रांगेत बसवू नका.

मग ‘होपफुल’ला काय म्हणायचं? अहो, उमेदवार! हीच तर गंमत आहे. उमेद म्हणजे फारसीत आशा, आणि ‘वार’ हा ती बाळगणारा असं सांगणारा प्रत्यय. सोगवार म्हणजे शोकात असलेला, त्यातला ‘वार’ हाच. (सोमवार-मंगळवारशी त्याचा काही संबंध नाही. आठवणीने सांगतो, कारण तसं समजणारेही भेटतात.) म्हणजे उमेदवार या शब्दाचा शब्दशः अर्थच होपफुल. इंग्रजीला मात्र दोन शब्द लागतात. त्यांचा ‘कँडिडेट’ आला लॅटिनमधून. रोममध्ये पद मागायला निघालेला माणूस खडूने पांढराशुभ्र केलेला टोगा घालून लोकांत फिरायचा, म्हणून तो कँडिडाटुस, शुभ्रवस्त्रधारी. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि लोकांचे हात हातात घेणं, हे आपल्याकडे पाहणाऱ्याला नवं नाही. पण त्या शब्दात आशा कुठेच नाही, नुसता कपडा आहे. म्हणून त्यांना ‘होपफुल’ वेगळा आणावा लागला. आपल्याकडे तो आधीपासून होता, आणि आपण तो टाकून ‘इच्छुक’ घेतला.

एवढ्यावर थांबत नाही, कारण माझं लाडकं मत अजून सांगायचं राहिलंय. मराठीत या शब्दाला दुसरा अर्थही चिकटला आहे. जुन्या कचेऱ्यांत बिनपगारी काम करत, जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्या पोराला उमेदवार म्हणत. वकिलाकडे, छापखान्यात, नाटक कंपनीत लोक ‘उमेदवारी करत’. आजही आयटीआयचा पोरगा एसटीच्या कार्यशाळेत लागतो तो ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणूनच. म्हणजे एकाच शब्दात आशा आहे आणि खस्ताही आहेत.

2008 ची लढत या दोन अर्थांमध्येच झाली, असं मी ठामपणे म्हणतो. क्लिंटन सांगत होत्या की मी 35 वर्षं उमेदवारी केली आहे. टेक्सासच्या मतदानाआधी त्यांची ती जाहिरात आली : रात्रीचे तीन, लेकरं झोपलेली, व्हाइट हाउसमध्ये फोन वाजतोय, तो उचलायला अनुभवी माणूस हवा ना? ओबामांना सेनेटमध्ये येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. त्यांच्याकडे दाखवायला होती ती उमेद, आणि तीच लाल-निळ्या भित्तिपत्रकावर त्यांच्या चेहऱ्याखाली छापलेली. मतदारांची विभागणीही तशीच. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं की अनुभव महत्त्वाचा की बदल, तर अनुभव म्हणणारे जवळजवळ सगळे क्लिंटनचे, बदल म्हणणारे बहुसंख्य ओबामांचे. वय वाढलेल्या बायका आणि कारखान्यांच्या गावांतले गोरे कामगार एका उमेदवारीकडे, तरुण, कृष्णवर्णीय आणि कॉलेज शिकलेले दुसरीकडे. एकमेकांना ते काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि दुसऱ्या अर्थाचा खरा मानकरी तिसराच निघाला. 3 जानेवारीच्या संध्याकाळी आयोवा राज्यात पक्षाचा उमेदवार निवडायला शाळांच्या जिमखान्यात शेजारीपाजारी जमले. तिथे गुप्त मतदान नव्हतं, आपापल्या नेत्याच्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं. ज्याच्याकडे 15 टक्के माणसं नाहीत त्याचा गट मोडायचा, मग उरलेल्या गटांतले लोक ‘ये की आमच्यात’ म्हणत त्यांना ओढायचे. अशा मोडलेल्या गटांचे एक धनी होते जो बायडन. राज्यभरात मिळून एक टक्क्याच्या आसपास, त्याच रात्री माघार. 1988 च्या निवडणुकीसाठी एकदा उतरून मतदानाआधीच माघार घेतली होती, हे दुसऱ्यांदा. पुढे आठ वर्षं ओबामांचे उपाध्यक्ष, आणि 2020 ची निवडणूक जिंकून अध्यक्ष. याला म्हणतात उमेदवारी करणं. इंग्रजीत हे एका शब्दात सांगून दाखवा.

काही पंडित ‘उमेद’ संस्कृत ‘उन्मेष’मधून ओढून काढतात. ‘ष’चा ‘द’ कुठल्या वाटेने झाला हे त्यांनी आधी दाखवावं, मग बोलू. तोवर फारसीच्या आधीच्या पहलवीतला ‘उम्मेद’ मला पुरे. दुसरे काही फारसी नको म्हणून हिंदीतला ‘प्रत्याशी’ मराठीत घुसवू पाहतात. त्यांनी तो फोडून बघावा : प्रति अधिक आशा. म्हणजे उमेदवारालाच सोवळं नेसवून परत आणलं. मग मूळचा काय वाईट होता?

राहिला तुमचा पहिला प्रश्न. ‘उमेदवारीचे उमेदवार’ यात तांत्रिकदृष्ट्या चूक नाही, कारण पहिली उमेदवारी म्हणजे पक्षाचं तिकीट आणि दुसरा उमेदवार म्हणजे ते मागणारा. पण कानाला खटकतं. 7 जूनला क्लिंटननी माघार घेईपर्यंत दोघांनाही नुसतं ‘उमेदवार’ म्हणा, आणि ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनाने शिक्का मारल्यावर ओबामांना ‘अधिकृत उमेदवार’. आणि कृपा करून हिंदीच्या नादाने ‘उम्मेदवार’ लिहू नका, मराठीत ‘म’ एकच आहे.