जाळी झुडपातही घाल

अरे, हिप्परग्याच्या तलावावर पाण्यातले बारीक जीव गोळा करायला जाशील तेव्हा नुसत्या मोकळ्या पाण्यात जाळी फिरवून परतू नकोस. काठाला हायड्रिला ही पाणवनस्पती दाट दिसेल तिथलं पाणी वेगळ्या बाटलीत घे. पुस्तकात वाचशील की डॅफ्निया, म्हणजे बारीक पाणपिसवा, दिवसा माशांना चुकवायला या पाणझुडपात दडतात, रात्री बाहेर येतात. ते थंड मुलखातलं. आपल्या उन्हाच्या गावी बारके मासेही त्याच झुडपात घुसतात, मग लपणार कुठं? इथं ते दिवसा कुठं, रात्री कुठं हे नमुन्यांवरूनच कळेल, म्हणून वेळ लिहून ठेव. सकाळ-रात्रीचे नमुने मी एकदा मिसळले, सगळी मोजणी वाया गेली! आणि पानांवरचा बुळबुळीत थर हलक्या हातानं खरवड. काही रोटिफर, म्हणजे डोळ्यांना सहज न दिसणारे सूक्ष्म जलजीव, तिथं चिकटूनच जगतात, जाळीत येत नाहीत.