व्हिडिओ कॉलवरचा नातू

प्रश्न : नातू चार वर्षांचा, म्युनिकला असतो. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल असतो. "आजी" म्हणतो की पळाला! मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. काय करू?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, आधी वेळ बदला. तुमचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे पाच, हिवाळ्यात चार. पोर बालवाडीतून दमून, भुकेजून आलेलं असतं. रविवारी त्यांच्या सकाळी दहाला करा; आपले दुपारचे दीड, ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर अडीच. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

"जेवलास का? शाळेत काय केलंस?" हे सोडा. एका "हो"वर ते बोलणं संपतं. त्यापेक्षा खेळ मांडा. लाल, पिवळी, निळी अशा तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली लिंबू लपवा. "लालखाली की पिवळीखाली?" असं विचारलं की उत्तराचा शब्द प्रश्नातच मिळतो, आणि तो मराठीत येण्याची शक्यता वाढते. एकच चित्रांचं पुस्तक दोन्ही घरी असेल तर फारच छान.

"मराठीत बोल" मात्र अजिबात म्हणू नका, मूल गप्प होतं. त्याने कुत्रा दाखवून "हुंड" म्हटलं तर तुम्ही आनंदाने म्हणा, "हो, कुत्रा! केवढा मोठा कुत्रा!" अडलं तर सांगायला त्याची आई शेजारी हवी.

फोन हातात धरू नका. डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खिडकी तुमच्या पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो. ती समोर घ्या. विचारून झालं की मनात पाचपर्यंत मोजा. आवाज थोडा उशिरा पोचतो, शिवाय मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो. घाईने पुन्हा विचारलंत तर दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं.

बडबडगीतांचे व्हिडिओ पाठवून हे काम भागत नाही. आपल्या बोलण्याला तिथल्या तिथे प्रतिसाद देणाऱ्या माणसाकडून लहान मुलं शब्द जास्त चांगले शिकतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन टाळायला सांगितलं, तेव्हा व्हिडिओ कॉल त्यातून वगळला होता.

तो मध्येच उठून गेला तर परत बोलावू नका. पुढच्या रविवारी काय लपवणार, तेवढं आईकडे सांगून ठेवा.